पारा सांडल्यावरचा किट: पंप उत्तम, गंधक अपुरं

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी आणि लहान दवाखान्यासाठी मिळणारा हा स्पिल किट थर्मामीटर फुटला तर चोख काम करतो. बीपीचं पाऱ्याचं जुनं यंत्र आडवं झालं तर मात्र तो पुरत नाही. थर्मामीटरमध्ये पारा जेमतेम ग्रॅमभर, यंत्रात 100 ग्रॅमच्या घरात. तेवढ्याचं पूर्ण सल्फाइड (पारा आणि गंधक जुळून होणारं, वाफ न होणारं संयुग) व्हायला हिशेबानेच 16 ग्रॅम गंधक लागतं आणि फरशीवर त्याच्या कितीतरी पट. डब्यातली पुडी तेवढी नाही.

उत्तम वस्तू म्हणजे हातपंपाची बाटली. टोक बारीक असल्याने फरशीच्या सांध्यातला थेंबही ओढला जातो. किटच्या पत्रकात दिलेला क्रम मात्र आम्हाला पटला नाही: ते आधी गंधकाची पूड टाकायला सांगतं. पूड पडली की थेंब झाकले जातात आणि दिसेनासे होतात. आधी खिडक्या उघडा, पंखा आणि एसी बंद करा, अंगठी-बांगड्या काढा (सोन्यावर पारा लगेच चढतो). मग जाड कार्डाने थेंब एकत्र ढकला, पंपाने ओढा, बारीक कण चिकटपट्टीने टिपा आणि शेवटी फटींत गंधक किंवा जस्ताची पूड भरा. टॉर्च जमिनीलगत तिरपा धरला की राहिलेले थेंब चमकतात. किटमध्ये टॉर्च नाही, ही मोठी उणीव.

केरसुणी आणि व्हॅक्यूम क्लीनर नकोच. एक थेंब फुटून शंभर झाले की पृष्ठभाग वाढतो आणि वाफही. बंद खोलीत 20 अंशाला हवेत घनमीटरमागे सुमारे 13 मिलिग्रॅम पारा मावू शकतो. कामाच्या जागेसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 0.025 आहे. वास येत नाही, म्हणून कळत नाही.

पूर्वी पोरं अ‍ॅल्युमिनियमच्या दहा-वीस पैशांवर पारा घासून पांढरे केस उगवताना बघत. तीच क्रिया खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियम पट्टीतही होते, त्यामुळे ती पट्टी आधी तपासा.

झाकणाची बरणी भक्कम आहे, ती प्लास्टिकची असणंही योग्य. तिच्यावर ‘पारा’ लिहून ती धोकादायक कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्थेकडेच द्या. दवाखान्याच्या पिवळ्या पिशवीत गेली तर ती भट्टीत जळते आणि सगळा पारा धुराड्यातून हवेत जातो. बीपीचं यंत्र अजून वापरात असेल तर दोन किट आणि गंधकाची जादा पाकिटं घ्या.