कोळशाच्या कोठीतली सोंड: 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही कादंबरी आणि तिचे चित्रपट

मंगळवासी इंग्लंडवर चालून येतात ही कथा सांगणाऱ्या, एच. जी. वेल्स यांच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या कादंबरीतला एक प्रसंग वाचून झाल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसून राहिलो होतो. लंडनच्या उपनगरातल्या एका पडक्या घरात कथेचा निवेदक कोळशाच्या कोठीत, लाकडे आणि कोळसा अंगावर ओढून, अंधारात दडून बसला आहे. शेजारच्या स्वयंपाकघरातून मंगळवासीयांच्या यंत्राची धातूची सोंड चाचपडत पुढे येते आहे. सोंडेची उपमा वेल्स यांचीच आहे. हत्तीच्या सोंडेसारखे काहीतरी, असेच ते म्हणतात. ती सोंड दाराच्या कडीशी मिनिटभर खटपट करते आणि दार उघडते. या प्राण्यांना दारे कळतात, एवढाच विचार त्या क्षणी निवेदकाच्या मनात येतो. मग ती सोंड भिंत चाचपते, लाकूड चाचपते, छताला हात लावावा तशी वर जाते, आणि एकदा त्याच्या बुटाच्या टाचेला लागते. किंकाळी फुटू नये म्हणून तो स्वतःचाच हात चावतो. अखेर काहीतरी पकडल्याचा आवाज होतो. आपणच सापडलो असे त्याला वाटते, पण सोंडेने उचललेला असतो तो कोळशाचा एक तुकडा, तपासून पाहण्यासाठी.

या कादंबरीवरचे दोन मोठे चित्रपट, म्हणजे १९५३ सालचा निर्माते जॉर्ज पाल आणि दिग्दर्शक बायरन हॅस्किन यांचा, आणि २००५ सालचा स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा, मी अनेकदा पाहिले आहेत. दोघांनीही हा प्रसंग ठेवला आहे. त्याचे त्यांनी काय केले, हे पाहिले की कादंबरी कुठे टिकली आणि कुठे निसटली हे नेमके कळते, म्हणून या परीक्षणाची सुरुवात तिथूनच केली.

कादंबरीच्या पहिल्याच परिच्छेदात वेल्स यांनी आपल्याला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आहे. पाण्याच्या थेंबात वळवळणारे जीव माणूस जसा निरखून पाहतो, तसेच कोणीतरी माणसाला दुरून निरखत होते, असे ते सांगतात. त्यानंतर थोड्याच ओळींनी ते वाचकाला बजावतात की मंगळवासीयांना क्रूर म्हणण्यापूर्वी युरोपातून गेलेल्या वसाहतवाल्यांनी टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचा पन्नास वर्षांत कसा संहार केला ते आठवावे. कल्पना मूळची त्यांचे भाऊ फ्रँक यांची. सरे परगण्यात फिरताना टास्मानियाचा विषय निघाला आणि असेच कोणी आकाशातून उतरून आपल्यावर तुटून पडले तर काय होईल, असे फ्रँक बोलून गेले. पुस्तक त्यांनाच अर्पण केलेले आहे.

मराठी वाचकाला या कादंबरीचे साल नजरेआड करता येत नाही. १८९७ च्या एप्रिलपासून ती लंडनच्या 'पिअर्सन्स मॅगझिन'मध्ये क्रमशः येऊ लागली आणि १८९८ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. ती छापली जात असतानाच, २२ जून १८९७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव साजरा झाला आणि त्याच रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. प्लेगच्या तपासणीसाठी त्या वर्षी पुण्यात गोरे सोजीर घराघरांत शिरले होते, माजघरापर्यंत गेले होते, माणसे आणि सामान चाचपून पाहत होते. वेल्स यांच्या डोळ्यांपुढे पुणे नव्हते, आणि मी तसा दावाही करत नाही. पण परक्याने दार उघडून आत येणे आणि आपल्याला वस्तूसारखे तपासणे म्हणजे काय, हे ज्या समाजाच्या आठवणीत आहे, त्याला कोळशाच्या कोठीतला तो प्रसंग थोडा अधिक जवळून वाचता येतो, हे मात्र मी मनापासून सांगतो.

आता १९५३ चा चित्रपट. कथा इंग्लंडमधून उचलून कॅलिफोर्नियात नेली आहे. शीतयुद्धाचा काळ असल्यामुळे सैन्य, शास्त्रज्ञ आणि अणुबाँब या सगळ्यांना त्यात मोठी जागा आहे. जीन बॅरी यांचा डॉ. क्लेटन फॉरेस्टर आणि अ‍ॅन रॉबिन्सन यांची सिल्व्हिया एका पडक्या शेतघरात अडकतात आणि तिथे लवचीक नळीच्या टोकाला बसवलेला, तीन रंगांच्या भिंगांचा यांत्रिक डोळा आत शिरतो. इथपर्यंत प्रसंग मुळाशी इमान राखतो, पण पुढे फॉरेस्टर तो डोळा तोडतो आणि प्रयोगशाळेत घेऊन जातो. मंगळवासीयाचे रक्त लागलेला सिल्व्हियाचा स्कार्फही तिथे पोहोचतो आणि त्यावर चाचण्या होतात. म्हणजे ज्याला तपासले जात होते तोच तपासणारा झाला. प्रेक्षक म्हणून त्या दृश्यात दिलासा वाटतो हे खरे, पण वेल्स यांनी पहिल्या परिच्छेदात जी मांडणी केली होती ती इथे पूर्ण उलटली आहे.

तरीही हा चित्रपट मी कोणालाही आवर्जून पाहायला सांगेन, आणि त्याचे पहिले कारण त्यातली यंत्रे आहेत. कादंबरीतली तीन पायांवर चालणारी महाकाय यंत्रे त्या काळी पडद्यावर आणणे अवघड होते, म्हणून कलादिग्दर्शक अल नोझाकी यांनी तरंगत जाणारी, पाकटासारख्या पसरट अंगाची आणि नागाच्या फण्यासारखी मान उभारलेली यंत्रे आखली. संथपणे सरकत येणारे ते यंत्र, वळणारी ती मान आणि जाळून टाकणारा किरण सुटण्यापूर्वीचा तो आवाज यांचा दरारा आजही कमी झालेला नाही. विशेष परिणामांसाठी या चित्रपटाला ऑस्कर मिळाले ते योग्यच होते. जुन्या प्रतींमध्ये यंत्रांना टांगलेल्या तारा दिसतात, पण त्यामुळे रसभंग होतो असे मला वाटत नाही.

माझी खरी तक्रार पाद्रीबाबत आहे. कादंबरीत त्या पडक्या घरात निवेदकाबरोबर अडकलेला पाद्री हा संकटात कोसळलेला माणूस आहे. तो रडतो, साठवलेले अन्न अधाशासारखे खातो, शेवटी मोठमोठ्याने ओरडू लागतो आणि त्याच्या आवाजाने दोघांचाही जीव जाण्याची वेळ येते. तेव्हा निवेदक भिंतीवरचा खाटकाचा सुरा उचलून त्याच्यामागे धावतो, आणि शेवटच्या क्षणी माणुसकीचा एक अंश शिल्लक राहिल्यामुळे पाते मागे फिरवून मुठीच्या बाजूने घाव घालतो. खाली पडलेल्या त्या देहाला मंगळवासी ओढून नेतात. आपल्या नायकाच्या हातून हे घडते आणि वेल्स त्याला माफही करत नाहीत, धिक्कारतही नाहीत. चित्रपटात मात्र पाद्री कॉलिन्स हातात बायबल घेऊन, स्तोत्र म्हणत, एकटा यंत्रांसमोर चालत जातो आणि भस्म होतो. दृश्य गंभीर आहे आणि सुंदर चित्रित केलेले आहे, पण त्याच्याबरोबर कादंबरीतला सर्वांत अवघड प्रश्नही भस्म होतो.

गर्दीच्या बाबतीत मात्र १९५३ च्या चित्रपटाने मुळाचे मर्म पकडले आहे. कादंबरीत लंडन सोडून पळणाऱ्या लोंढ्याचे वर्णन निवेदकाच्या भावाच्या अनुभवातून येते. त्यात सोन्याच्या नाण्यांची पिशवी फुटलेला एक माणूस रस्त्यावर वाकून नाणी गोळा करताना घोडागाडीच्या चाकाखाली येतो, त्याचा कणा मोडतो, आणि त्याला बाजूला ओढणाऱ्याशी तो नाण्यांसाठी झटापट करत राहतो. या एका माणसात सबंध शहर दिसते. चित्रपटात लॉस एंजेलिसमधला जमाव शास्त्रज्ञांची गाडी लुटतो, त्यांची उपकरणे रस्त्यावर फेकतो आणि माणसांना उरलेली शेवटची आशा माणसांच्याच हातून मोडते. ते दृश्य थेट वेल्स यांच्या कुळातले आहे.

स्पीलबर्ग यांनी २००५ मध्ये तीन पायांची यंत्रे परत आणली, आणि ती पहिल्यांदा जमिनीतून वर येतात तेव्हाचा तो भोंग्यासारखा आवाज मी चित्रपटगृहात छातीत जाणवून घेतला होता. नायक न्यू जर्सीतल्या बंदरात क्रेन चालवणारा, घटस्फोट झालेला रे फेरियर आहे. टॉम क्रूझ यांनी त्याचा गोंधळ, चिडचिड आणि भीती चांगली उभी केली आहे. कादंबरीत निवेदक हा तत्त्वज्ञानावर लिहिणारा, थोडा अलिप्त माणूस. त्याच्या जागी दोन मुलांना घेऊन बॉस्टनकडे पळणारा बाप आल्यामुळे कथा एका कुटुंबापुरती लहान झाली, अशी टीका होऊ शकते. मला ती पूर्ण पटत नाही. युद्ध कुठे चालले आहे, सरकार काय करते आहे, हे वेल्स यांच्या निवेदकालाही कळत नाही. आपल्याला दिसते तेवढेच खरे, ही कादंबरीची दृष्टी स्पीलबर्ग यांनी पाल यांच्यापेक्षा अधिक सांभाळली आहे. किरणांनी राख झालेल्या माणसांची धूळ अंगावर घेऊन रे घरी येतो, आणि पुढे माणसे नाहीशी होऊन फक्त त्यांचे कपडे आकाशातून झाडांवर उतरतात. ११ सप्टेंबरनंतरच्या अमेरिकेचे दुःख त्यात आहे आणि ते उसने वाटत नाही.

तळघराचा प्रसंग इथे लांब आहे. टिम रॉबिन्स यांच्या पात्राला ऑगिल्व्ही हे नाव कादंबरीतल्या खगोलशास्त्रज्ञाचे दिले आहे, आणि स्वभाव कादंबरीतलाच पाद्री आणि निवेदकाला वाटेत भेटणारा तोफखान्यातला सैनिक या दोघांचा मिळून केला आहे. सापासारखा वळणारा डोळा तळघरात उतरतो तेव्हा रे आणि त्याची मुलगी एका मोठ्या आरशामागे लपतात आणि तो डोळा आरशात स्वतःलाच पाहतो. तपासणाऱ्याला स्वतःचे रूप दाखवणारी ही कल्पना वेल्स यांना आवडली असती असे मला वाटते. पुढे रे ऑगिल्व्हीला ठार मारतो, पण बंद दारामागे. आपण बाहेर, डोळ्यांवर पट्टी बांधून अंगाईगीत गुणगुणणाऱ्या मुलीबरोबर थांबतो. दिग्दर्शकाने कृत्य टाळले नाही, मात्र आपली नजर वळवली. वेल्स यांनी वळवली नव्हती, आणि हा फरक मला मोठा वाटतो.

निवेदनातून टास्मानिया दोन्ही चित्रपटांनी वगळले. स्पीलबर्ग यांच्या चित्रपटात त्याची एक अंधूक सावली उरली आहे: मुलाला शाळेसाठी फ्रान्सने अल्जीरियावर केलेल्या कब्जाबद्दल निबंध लिहायचा असतो, आणि ऑगिल्व्ही म्हणतो की परक्याचा कब्जा कधीच टिकत नाही. लक्ष नसेल तर ही वाक्ये निसटून जातात.

शेवट सर्वांचा एकच आहे. मंगळवासी मरतात ते पृथ्वीवरच्या सूक्ष्मजंतूंमुळे. चित्रपट पाहून 'हे काय, सर्दीने मेले?' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांना मी कादंबरीचे पहिले पान उघडून देतो. पाण्याच्या थेंबातले जीव तिथेच पेरलेले आहेत. वेल्स हे जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्स्ले यांचे विद्यार्थी होते. ज्या रोगांची किंमत माणसाने असंख्य मृत्यूंनी चुकवली, त्यांच्याशी झगडण्याची शक्ती त्याने पिढ्यान्‌पिढ्या मिळवली, हा जीवशास्त्राचा युक्तिवाद ते अगदी काटेकोरपणे मांडतात. १९५३ च्या चित्रपटात हेच चर्चमध्ये, प्रार्थना चालू असताना घडते आणि विज्ञानाचा निष्कर्ष चमत्कारासारखा दिसू लागतो. स्पीलबर्ग यांनी मात्र सुरुवातीला आणि शेवटी कॅमेरा थेट सूक्ष्मजंतूंपर्यंत नेऊन वेल्स यांची चौकट जशीच्या तशी ठेवली आहे.

बाकीच्या रूपांतरांबद्दल थोडक्यात. ३० ऑक्टोबर १९३८ चे अमेरिकी दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांचे नभोनाट्य आजही ऐकण्यासारखे आहे. २००५ मध्येच टिमथी हाइन्स यांनी मूळ काळ आणि स्थळ राखून जवळपास तीन तासांचा चित्रपट केला. निष्ठा आहे, पण साधने फारच तोकडी पडली. २०२५ चा, आइस क्यूब यांचा चित्रपट सबंध संगणकाच्या पडद्यावर घडतो आणि त्याचा नायक लोकांवर पाळत ठेवणारा अधिकारीच आहे. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांची गोष्ट सांगायला याहून चांगली जागा मिळाली नसती, आणि ती इतकी वाया गेली याचे मला खरोखर वाईट वाटले.

कादंबरीतही उणिवा आहेत. निवेदकाच्या पत्नीला नावसुद्धा नाही. भावाची प्रकरणे मध्येच सुरू होतात तेव्हा लय तुटते. वोकिंग, वेब्रिज, लेदरहेड या गावांची नावे नकाशाशिवाय वाचली तर कंटाळा येऊ शकतो, म्हणून नकाशा शेजारी ठेवावा; वेल्स स्वतः त्या भागात राहत होते आणि सायकलवरून फिरत कोणती जागा उद्ध्वस्त करायची ते ठरवत होते. भाषा शतकापूर्वीची असली तरी सोपी आहे. माझा सल्ला असा की आधी पुस्तक वाचावे, मग स्पीलबर्ग, आणि त्यानंतर पाल यांची यंत्रे पाहावीत.

स्पीलबर्ग यांच्या चित्रपटात बॉस्टनमधल्या घराच्या दारात सगळे सुखरूप भेटतात. त्या दारात आजी-आजोबा म्हणून जीन बॅरी आणि अ‍ॅन रॉबिन्सन उभे आहेत हे ओळखून मला आनंद झाला होता. कादंबरीतही पती-पत्नी पुन्हा भेटतात, पण पुस्तक तिथे थांबत नाही. निवेदकाला लंडनच्या रस्त्यांवरची वर्दळ भुतांच्या ये-जा करण्यासारखी वाटत राहते, आणि बायकोचा हात हातात घेऊन बसलेला असताना त्याच्या मनात येते की आपण हिला मेलेल्यांत मोजले होते आणि हिनेही आपल्याला.