सिमेंटचे पत्रे उतरवताना: थ्रीएम ६२०० मास्क आणि २०९१ फिल्टर

कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोलीतल्या जुन्या शेडचे सिमेंटचे पत्रे पावसाळ्याआधी बदलणाऱ्यांनी नाक-तोंड झाकणारा, फिल्टर बदलता येणारा हा मास्क घ्यावाच. बहुतेक जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज असतं. त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू फुफ्फुसात रुतून बसतात आणि फुफ्फुसाचा कर्करोग साधारण १५ ते ४० वर्षांनी उमटू शकतो. म्हणून आज खोकला नाही, याला काही अर्थ नाही. सिगारेट-बिडी ओढणाऱ्याचा धोका तर अनेक पटींनी वाढतो.

तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क हे तंतू अडवत नाही. २०९१ हा पी१०० दर्जाचा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किमान ९९.९७ टक्के कण अडवतो. वायू मात्र नाही. ६२०० हे मास्कचं मध्यम माप. लहान चेहऱ्याला ६१००, मोठ्याला ६३००.

खरी गोम चेहऱ्यावर घट्ट बसण्यात आहे. दाढीची खुंटं असली तरी कडेने हवा शिरते, मग महागडा फिल्टर वाया. मास्कच्या दोन्ही बाजूंच्या फिल्टरच्या मधल्या खळग्यांत अंगठे दाबून हळू श्वास घ्या. मास्क किंचित आत ओढला गेला पाहिजे. उन्हात घामाने तो घसरतो, हा मोठा दोष. पट्टे पुन्हा आवळायचे ते कामाच्या जागेपासून लांब जाऊन.

नुसत्या मास्कवर विसंबू नका. पत्रा आधी ओला करा, बोल्ट काढून अखंड उतरवा. ग्राइंडर आणि कोरडा झाडू बंद. पत्रा ठिसूळ असतोच, ओला झाल्यावर निसरडाही होतो, त्यावर पाय नको. धुळीचे कपडे आधी, मास्क सगळ्यात शेवटी काढा.