फोमचा नाकतोडा बांधायचं किट: पाय झकास, दोरा कच्चा

देवगडला काकांबरोबर खाडीवर गरवायला जायचो तेव्हा गरीला कोळंबी लावली की काम संपलं. मोंटानात बोझमनला आल्यापासून मात्र ट्राउट माशांसाठी आमिष घरी बसून बांधायचा नाद लागलाय. जुलै सरता सरता मॅडिसन नदीच्या काठचं गवत वाळतं, नाकतोडे माजतात आणि दुपारी वारा सुटला की टपाटप पाण्यात पडतात. ट्राउट काठाला लागून वाटच बघत असतात. याच दिवसांसाठी हे किट मागवलं. ३४ डॉलर, सामान १२ फ्लायचं, म्हणजे किड्यासारखी दिसणारी बांधलेली आमिषं. गळ धरायचा शिकंजा त्यात नाही, तो आपला आपण घ्यायचा.

आधी चांगलं सांगतो. रबरी पाय अप्रतिम आहेत. पिवळ्यावर काळे पट्टे, आणि गुडघ्याची गाठ आधीच मारलेली. ही गाठ स्वतः मारून बघा, म्हणजे कळेल मी का खूश आहे. माझी पूर्वी चार पायांत अर्धी संध्याकाळ जायची. पाण्यावर हे पाय नुसत्या प्रवाहानेही थरथरतात. गळ १० नंबरचे, लांब दांडीचे, टोक चांगलं तीक्ष्ण.

आता दोरा. ७० डेनियरचा दिलाय (डेनियर म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप, आकडा मोठा तितका दोरा जाड). इतका बारीक दोरा ताणून आवळला की साबणाच्या वडीत तार शिरावी तसा फोममध्ये शिरतो. पहिल्या तीन नाकतोड्यांची कंबरच तुटली. शेवटी माझ्याकडचा १४० डेनियरचा काढला, पहिले दोन वेढे सैल घेतले आणि मग आवळलं, तेव्हा कुठे जमलं. फोमचं किट विकणाऱ्याला हे माहीत नसेल असं कसं म्हणायचं?

माहितीपत्रकही अर्धवट. फोमची पट्टी किती रुंद कापायची ते लिहिलेलंच नाही. गळाचं टोक आणि दांडी यांत जेवढं अंतर, तेवढीच रुंदी हवी. मी अंदाजाने जास्त रुंद कापली, फोमने गळाचं तोंडच बुजवलं आणि तीन ब्राऊन ट्राउट तोंडात घेऊन सोडून गेले. दांडीवर आधी दोऱ्याचा थर आणि सुपरग्लूचा थेंब हवा, हेही पत्रकात नाही. तो नसेल तर दोन-चार फेकींत नाकतोडा गळाभोवती फिरतो आणि पोट वर करून तरंगतो. पंखांसाठीचे एल्क या मोठ्या हरणाचे केस इतके आखूड की चिमटीत राहत नाहीत.

फोम मात्र उत्तम आहे, २ मिलिमीटरचा, बंद छिद्रांचा. फ्लाय बांधण्यात नावाजलेले डेव्ह व्हिटलॉक यांचा ‘डेव्हज हॉपर’ हा नाकतोडा अजूनही माझ्या मते सगळ्यात देखणा, पण त्याचं हरणाच्या केसांचं डोकं भिजून जड होतं. फोमला ती भानगड नाही. खाली दोन फुटांवर छोटा निम्फ (पाण्याखाली बुडणारी फ्लाय) लोंबकळत ठेवला तरी हा बुडत नाही. पाठीवर गुलाबी फोमचा तुकडा लावायची सोय आहे, तो लावाच. मला चाळीस फुटांवरून दिसतो, खालून बघणाऱ्या ट्राउटला नाही.

पत्रकातली एक ओळ वाचून हसू आलं: दुपारी तीननंतर वापरा. सल्ला चुकीचा नाही, उन्हं तापल्यावरच नाकतोडे उडतात. पण इथे नदीचं पाणी सलग तीन दिवस ७३ अंश फॅरनहाइटला पोचलं की ‘हूट आऊल’ बंदी लागू शकते. मग दुपारी २ ते मध्यरात्र गळ टाकायचा नाही. तापलेल्या पाण्यात पकडून सोडलेला ट्राउट वाचेलच असं नाही, त्यामुळे तक्रार नाही. गेल्या ऑगस्टमध्ये माझी नाकतोड्याची वेळ अकरा ते दोन एवढीच उरली होती. दुरुस्त केलेल्या सातव्या नाकतोड्यावर क्वेक लेकच्या खालच्या अंगाला त्याच वेळात दोन ब्राऊन आणि एक रेनबो मिळाला.

पाचपैकी तीन तारे, त्यातले दोन पायांचे. पुन्हा अख्खं किट घेणार नाही, नुसते पाय सुटे मिळाले तर घेईन. फोम लेकीच्या क्राफ्टच्या डब्यातही तसाच निघाला, २ मिलिमीटरचा, आणि पाण्यावर दोन्हींत फरक दिसला नाही. फक्त त्यातले पिवळ्या फोमचे तुकडे मी संपवल्यामुळे तिची शाळेची सूर्यफुलं यंदा तपकिरी झाली आहेत आणि ती माझ्याशी बोलत नाहीये.