आरसी ३९० वर स्लिप-ऑन एक्झॉस्ट : एक पावसाळा आणि बरेच घाट उलटल्यावर

माझ्या केटीएम आरसी ३९० वर स्टेनलेस स्टीलचा स्लिप-ऑन सायलेन्सर बसवून आता बरेच महिने झाले. या काळात पुण्यातलं रोजचं ऑफिस, अख्खा पावसाळा, ताम्हिणी, खंबाटकी आणि पसरणीचे घाट, शिवाय कोकणातली खारी हवा असं सगळं झालं. विकत घेण्याआधी मी इतरांचे अनुभव भरपूर वाचले, पण बहुतेक बसवल्याच्या आठवड्यातच लिहिलेले होते आणि नवा सायलेन्सर प्रत्येकाचाच छान वाजतो. आतलं आवाज शोषणारं पॅकिंग थोडं जळलं, क्लॅम्प एकदा ढिला झाला आणि शेजाऱ्यांनी तो आवाज रोज ऐकला, की मग वस्तू कळायला लागते. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की बोलणं किमतीवर आणि स्टिकरवर जातं, आणि मला बोलायचंय ते निवड कशी करावी यावर.

माझं मत आधीच सांगतो. गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या 'कॅट'ला, हात न लावणारा आणि आवाज दाबणारी जाळी, म्हणजे डीबी किलर, कायम आत ठेवलेला स्लिप-ऑन घ्या. तो परवडत नसेल तर कंपनीचाच सायलेन्सर राहू द्या, तो वाईट नाही. फुल सिस्टिम ही रेसिंग ट्रॅकची वस्तू आहे.

हा फरक दुकानात नीट सांगितला जात नाही. स्लिप-ऑनमध्ये फक्त शेवटचा डबा बदलतो. फुल सिस्टिममध्ये सिलिंडर हेडपासून निघणाऱ्या बेंड पाइपसकट सगळं बदलतं आणि त्यात बहुतेक वेळा कॅट जाते. माझ्या गाडीत कॅट इंजिनाखालच्या डब्यात आहे, त्यामुळे मागचा सायलेन्सर काढला तरी ती जागेवर राहते. काही गाड्यांमध्ये ती सायलेन्सरच्या आतच असते, तिथे नुसता स्लिप-ऑन लावला तरी कॅट गेलीच. म्हणून पैसे देण्याआधी आपल्या मॉडेलची कॅट नेमकी कुठे आहे ते मेकॅनिकला गाडीखाली बसवून दाखवायला सांगा. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम आले, तेव्हापासूनच्या गाड्यांचं इंधनाचं सगळं गणित कॅट आणि ऑक्सिजन सेन्सर धरून बसवलेलं आहे. कॅट काढली की धूर शहराच्या हवेत जातो. कर्वे रोडच्या सिग्नलला आपल्या मागे स्कूटरवर लहान मुलं उभी असतात. मला हा मुद्दा ताकदीच्या मुद्द्यापेक्षा मोठा वाटतो.

ताकदीबद्दल सरळ सांगतो : वाढत नाही. आरसी ३९० चं इंजिन ३७३ सीसीचं, एका सिलिंडरचं, ताकद ४३.५ पीएस. स्लिप-ऑनने त्यात जो काही फरक पडत असेल तो मला तरी हँडल धरून जाणवला नाही. खालचा पिकअप आहे तसाच आहे. सात हजार आरपीएमच्या वर इंजिन जरा मोकळं फिरतं असं वाटतं, पण आवाज बदलला की वेगही वाढल्यासारखा वाटतो, त्यामुळे या वाटण्यावर मी पैजा लावणार नाही. ॲव्हरेज बदललं नाही. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, रिमॅप करावा लागला नाही किंवा पिगीबॅक, म्हणजे त्याला जोडायचा वेगळा छोटा कॉम्प्युटर, लागला नाही, कारण सेन्सर आणि त्याच्या पुढचा पाइप मूळचाच आहे.

फुल सिस्टिमला मात्र ते लागतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट पाइपमधून मागे जाते, पाइप जिथे रुंद होतो तिथून उलटी फिरते आणि पोकळीची लाट होऊन परत व्हॉल्व्हपाशी येते. दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असताना ती पोचली तर जळलेला वायू ओढून नेते आणि ताजं मिश्रण आत खेचते. ती केव्हा पोचणार हे मुख्यतः बेंडच्या लांबीवर ठरतं. कंपनीने ही लांबी रोजच्या वापराच्या आरपीएमसाठी बसवलेली असते. ट्रॅकचा बेंड तीच वेळ वर, नऊ-दहा हजारांकडे ढकलतो, आणि चार-पाच हजारांवर गाडी मरगळते. पुण्यात आपण सगळा दिवस त्या चार-पाच हजारांतच असतो. नुसती जाळी काढून टाकणाऱ्यांच्या गाड्यांवरही मी हेच पाहिलंय : आवाज दुप्पट आणि ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरला धक्के.

आता आवाज, कारण खरं तर सगळे त्याच्यासाठीच घेतात आणि मीही त्याच्यासाठीच घेतला. फोर-स्ट्रोक इंजिनाचा एक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे सहा हजार आरपीएमला सेकंदाला ५० ठोके, नऊ हजारांना ७५. चार सिलिंडरच्या कावासाकी झेडएक्स-१०आरमध्ये एका फेरीत दोन ठोके पडतात, बारा हजारांना सेकंदाला ४००. ती जी तार सप्तकातली किंकाळी आपण व्हिडिओत ऐकतो ती या ४०० ठोक्यांची आहे. कितीही महागडा सायलेन्सर लावा, ३७३ सीसीच्या एका सिलिंडरमधून ती निघणार नाही. हे समजून घेतलं की निवड फार सोपी होते. आपल्या इंजिनाचा मूळ आवाज खर्जातला आहे, तर तो खर्ज स्वच्छ, गोल ऐकू येईल असा डबा शोधायचा. माझ्या सायलेन्सरचा आवाज आयडलला मूळपेक्षा थोडा जाड आहे. पाच हजारांच्या पुढे त्यात एक भरीवपणा येतो, आणि पसरणी चढताना दुसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल उघडला की जे फायरिंग ऐकू येतं त्याने मला आजही तितकाच आनंद होतो.

या खर्जाची दुसरी बाजूही आहे. डब्यातली ग्लासवूल तीक्ष्ण, उंच आवाज चांगला शोषते, खालचे ठोके तितके नाही. आणि खालचे आवाज भिंतींमधून, बंद खिडक्यांमधून आत जातात. त्यामुळे गाडीवर बसलेल्याला जो आवाज सौम्य वाटतो तो दुसऱ्या मजल्यावर घुमतो. आमच्या सोसायटीच्या पार्किंगला वर स्लॅब आहे, तिथे हे फारच जाणवतं. बसवल्यानंतर थोड्याच दिवसांत समोरच्या काकू म्हणाल्या, "अरे, गाडी छान आहे रे तुझी, पण पहाटे तेवढी इथे नको सुरू करूस. ह्यांचा डोळा पहाटेच लागतो." तेव्हापासून रविवारच्या राइडला गाडी गेटबाहेर ढकलत नेतो, हमरस्त्याला लागल्यावर स्टार्टर दाबतो आणि पहिले पाच मिनिटं चार हजारांच्या आत ठेवतो. इंजिन गरम व्हायलाही तेच बरं. शहरात आपल्या हौशीची किंमत दुसऱ्याच्या झोपेने चुकवायची नाही, यावर मी पक्का आहे.

कायद्याचंही नीट समजून घ्या. नियमांप्रमाणे १७५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलला आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे, ८० ते १७५ सीसीच्या गाड्यांना ७७. ही मर्यादा गाडी साडेसात मीटरवरून जात असतानाची. सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर उभ्या गाडीचं जे माप घेतात त्याचा आकडा साहजिकच बराच मोठा येतो, तेव्हा दोन्ही आकडे शेजारी ठेवून घाबरू नका आणि फसूही नका. विक्रेता एखादा डेसिबलचा आकडा सांगतो तेव्हा पहिला प्रश्न हा : किती अंतरावरून, किती आरपीएमला, जाळीसह की जाळीशिवाय? मोबाइलच्या ॲपने खरा आकडा कळत नाही. पण त्याच फोनने, त्याच जागी, त्याच आरपीएमला मूळ सायलेन्सर आणि नवा यांची तुलना करता येते. मी तशी केली, फरक थोडाच निघाला आणि म्हणूनच तो ठेवला. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, हे लक्षात ठेवा.

युरोपातल्या सायलेन्सरवर गोलात ई आणि शेजारी आकडा असा शिक्का असतो. ई १ म्हणजे जर्मनीत, ई ३ म्हणजे इटलीत मंजुरी. हा शिक्का असलेला घ्यावा असं माझं मत आहे, कारण त्याचा आवाज कुणीतरी रीतसर मोजलेला असतो. मात्र ती मंजुरी जाळीसकटची आणि त्या ठरावीक मॉडेलसाठीची असते, आणि चौकात ट्रॅफिक पोलिसांनी थांबवलं तर तो शिक्का म्हणजे इथला परवाना नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणे आवाजाच्या नियमभंगाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं आणि लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं. पुण्यात जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोड रोलर फिरवल्याची दृश्यं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. मला स्वतःला एकदा थांबवलं. हवालदारसाहेबांनी आयडलला ऐकलं, थोडी रेस द्यायला लावली, जाळी आहे का ते वाकून पाहिलं आणि सोडलं. न सोडते तर माझ्याकडे वाद घालायला जागा नव्हती.

बसवताना खरी कसोटी मेकॅनिकची असते. माझ्याकडे सायलेन्सर हातात घेतल्याबरोबर पहिला प्रश्न आला, "साहेब, जाळी काढून देऊ का? फायरिंग एक नंबर येईल." मी म्हटलं, "नको दादा, उलट तिच्या बोल्टला थ्रेडलॉक लावा." तो बोल्ट एकच असतो आणि एका सिलिंडरच्या थरथरीने निघून येतो. जोडाचं ग्रॅफाइट गॅस्केट नवं घाला, जुनं पुन्हा वापरू नका. क्लॅम्प पहिल्या लांब राइडनंतर परत आवळा, कारण धातू तापून-थंड होऊन बसतो. जोडापाशी काळी काजळी दिसली तर तिथून गळती आहे. तिथूनच बाहेरची हवा आत जाते, उरलेलं पेट्रोल पाइपमध्ये पेटतं आणि थ्रॉटल सोडला की फटाके वाजतात. बरीच मुलं या फटाक्यांना खुबी समजतात. ती गळती आहे, दुरुस्त करून घ्या. आणखी एक, डबलसीट माणूस बसवून मागचं सस्पेन्शन दाबून पाहा, ब्रॅकेट किंवा पाइप स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला, घासत नाही ना.

टिकाऊपणा. ताम्हिणीच्या पावसात चाकावरून उडालेला लाल चिखल डब्यावर बसून तापतो आणि तसाच भाजला जातो, म्हणून घरी आल्यावर गार झालेल्या डब्यावर साधं पाणी मारतो. तापलेल्यावर कधीच नाही. धुताना मागच्या तोंडात कापडाचा बोळा. कोकणातून आल्यावर स्टीलवर फिकट तांबूस डाग आले होते. ते खोल गेलेल्या गंजाचे नव्हेत, वरवरचे असतात आणि पॉलिशने गेले. खाली पाणी निघायला बारीक भोक असतं, ते चिखलाने बुजू देऊ नका. टायटॅनियमची घनता स्टीलच्या निम्म्याहून थोडी जास्त, घन सेंटिमीटरला साडेचार ग्रॅमच्या आसपास, म्हणून तो हलका आणि म्हणूनच महाग. माझ्या स्टीलच्या डब्याने मूळपेक्षा साधारण दोन किलो वाचवले, आणि गाडी पार्किंगमध्ये ओढताना ते कळतंही. त्याहून हलक्यासाठी दुप्पट पैसे मोजावेत असं रस्त्यावरच्या माणसाला मी सांगणार नाही. टायटॅनियमवर येणारा निळा-जांभळा रंग उष्णतेने तयार झालेल्या ऑक्साइडच्या थराचा असतो. स्वस्त नकलांवर तोच रंग लावलेला असतो आणि पहिल्या पावसात उतरतो, तेव्हा अतिस्वस्त "टायटॅनियम" दिसला की लांब राहा.

आवाज हल्ली किंचित मोकळा झालाय, म्हणजे ग्लासवूल जळत चालली आहे. पुढच्या सर्व्हिसला रिव्हेट काढून पॅकिंग बदलायचं ठरवलंय. म्हणूनच वेल्ड करून बंद केलेला डबा न घेता उघडता येणारा घेतला होता, तुम्हीही ते बघून घ्या. यामाहा आर१५ वाल्यांनी खास लक्षात ठेवा : मर्यादा ७७ची आहे आणि १५५ सीसीच्या इंजिनात खालचा टॉर्क आधीच बेताचा, तिथे मोकळा पाइप लावून आहे तोही घालवू नका.

मूळ सायलेन्सर तेल पुसून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवलाय, सोबत त्याचे बोल्ट, रबर बुश आणि हीट शील्ड एका पिशवीत. इंजिनाच्या वॉरंटीचं काम निघालं तर सर्व्हिस सेंटरला गाडी त्याच्यासकट न्यायची. विमा कंपनीला बदल कळवलेला असावा, नाहीतर क्लेमच्या वेळी तोच मुद्दा निघतो. आणि गाडी विकताना घेणारा सगळ्यात आधी हेच विचारतो, ओरिजिनल सायलेन्सर आहे ना.