पारावर काय लावायचं: कथापट की माहितीपट?

गावात पाण्यावरचा सिनेमा दाखवायचा म्हटलं की पहिला वाद हाच. कथापटाला गर्दी हमखास. २०१७ सालच्या ‘कडवी हवा’ या हिंदी सिनेमात संजय मिश्रांचा आंधळा म्हातारा मुलाच्या कर्जापायी वसुलीवाल्याशीच सौदा करतो. गोष्ट उत्तरेकडची, पण बीड-लातूरच्या माणसाला जराही परकी वाटत नाही. बायका पदरानं डोळे पुसतात. दिवे लागल्यावर मात्र बोलणं नशीब आणि सरकार यांच्यापुढं सरकत नाही.

माहितीपट कोरडा. पोरं पेंगायला लागतात, मागची मंडळी तंबाखू मळत बाहेर पडतात. तरी माझं मत त्यालाच. सलग समतल चर, म्हणजे पाणी अडवायला एकाच पातळीत खणलेला लांब खड्डा, उताराला आडवाच का खणायचा, हे भाषणात कळत नाही. पडद्यावर पाणी अडून मुरताना दिसलं की शेंबडं पोरगंही सांगतं. २०१६ मध्ये, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं त्याच वर्षी, पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप, म्हणजे गावागावांतली पाणी अडवण्याच्या कामाची स्पर्धा झाली. तिच्या तीन तालुक्यांत आपलं अंबाजोगाई होतं. त्यांच्या शिकवणाऱ्या फिल्म्स अशाच कामाच्या.

खरी चर्चा पेटते ती उसावर. दुष्काळी तालुक्यात एवढा ऊस कशाला, असं विचारणारा माहितीपट लावा आणि समोर कारखान्याचे सभासद बसवा, मग बघा! फक्त त्या दिवशी सरपंचांना आधी कल्पना द्या.

शाळेत मात्र कथापटच आधी. आठवी-नववीच्या पोरांना चराचं माप नंतरही शिकवता येतं.