मेकॅनिकचा स्टेथोस्कोप: जुन्या इंजिनाची टिकटिक कुठून येते ते सांगणारं हत्यार

जुनं इंजिन वाजायला लागलं की निदान बहुतेक वेळा दोनच ऐकू येतात. 'टॅपेट वाजतंय' (म्हणजे वाल्व उघडणाऱ्या भागांतला गॅप वाढलाय), नाहीतर 'इंजिन उतरवावं लागेल'. पहिल्याचा खर्च एक पॅकिंग आणि तासाभराची मजुरी. दुसऱ्याचा खर्च कधीकधी त्या गाडीच्या किमतीला जाऊन भिडतो. म्हणून खर्चाला हात घालण्याआधी आवाजाची जागा पक्की करून घ्यावी, आणि त्यासाठी पाचशे रुपयांच्या आसपास मिळणारा साधा मेकॅनिकचा स्टेथोस्कोप पुरेसा आहे.

दिसायला तो डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखाच. छातीवर ठेवायच्या चकतीऐवजी धातूची छोटी डबी, आत पातळ पडदा, आणि डबीला आट्यांनी बसणारी वीतभर स्टीलची सळई. घेताना सळई पूर्ण आवळून हलवून बघा. ती आट्यांत ढिली असेल तर तिचाच खडखडाट कानात येतो आणि सगळं निदान चुकतं. स्वस्त संचातले कानाचे बोळे कडक प्लॅस्टिकचे असतात. मेडिकलच्या दुकानातले रबरी बोळे लावले की बाहेरचा गोंगाट बराच कमी होतो. लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावूनही आवाज ऐकता येतो, पण त्यासाठी डोकं फिरत्या बेल्टच्या जवळ न्यावं लागतं. तेवढ्या एका कारणासाठीही स्टेथोस्कोप घ्यावा.

तो वापरायचा कसा, हे मारुती 800 वर चांगलं कळतं. 796 सीसी, तीन सिलिंडर, वर एकच कॅमशाफ्ट (वाल्व उघडणारा फिरता दांडा) आणि प्रत्येक रॉकरला (वाल्व दाबणाऱ्या छोट्या दांडीला) हाताने सेट करायचा स्क्रू. आधी गाडी सपाटीवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी ऑइलची पातळी बघा. ऑइल कमी किंवा पातळ झालं असेल तर तिथेच थांबा. ते भरल्याशिवाय किंवा बदलल्याशिवाय बाकीचं ऐकण्यात अर्थ नाही. मग इंजिन गरम करून स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) ठेवा. रेडिएटरचा फॅन इलेक्ट्रिक आहे, न सांगता सुरू होतो. नळी, ओढणी, शर्टाची बाही त्याच्यापासून लांब हवी.

सळई टॅपेट कव्हरच्या पत्र्यावर टेकवू नका. पत्रा सगळीकडून सारखाच वाजतो. कव्हरचे बोल्ट, हेडची कडा, प्लगशेजारचा ओतीव धातू अशा भरीव जागी टेकवा आणि एका टोकाकडून दुसऱ्याकडे दोन-दोन इंचांनी सरका. जिथे आवाज बोथट न राहता टोकदार होतो, ती जागा. खालीही तेच: ऑइल चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) पत्रा सोडून ब्लॉकच्या कडेवर ऐका. शेवटी सळई काढून फक्त उघडी डबी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जोडाजवळून फिरवा. पॅकिंग फुटलं असेल तर फसफस स्पष्ट येते आणि जोडावर काजळीची रेघ दिसते. ही टिकटिक सकाळी थंडीत जोरात असते आणि लोखंड तापून फुगलं की कमी होते. तिला टॅपेट समजून स्क्रू फिरवत बसणं ही नेहमीची चूक.

आवाज वरचा की खालचा अशी शंका उरली तर टायमिंग लाइट (प्लगच्या स्पार्कबरोबर चमकणारा दिवा) मदतीला येतो. डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला पाळीने स्पार्क वाटणाऱ्या भागाच्या) गाडीत तो एका प्लगच्या वायरला लावला की क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या खालच्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदा चमकतो. कॅमशाफ्टही क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणून टिक आणि चमक जोडीने चालली तर दोष वाल्वच्या बाजूला. एका चमकेत दोन ठोके पडले तर दोष क्रँकच्या बाजूला.

टॅपेटच ठरलं तर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. ज्या सिलिंडरचं काम करायचं, त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा. तिथे दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलतात. 0.05 ते 1.00 मि.मी.चा फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचा संच) घ्या आणि रॉकर व वाल्वमधल्या गॅपचा आकडा आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच धरा. इनटेक आणि एक्झॉस्टचा वेगळा असू शकतो, थंड आणि गरम इंजिनाचा तर असतोच. पातं किंचित अडखळत सरकायला हवं. चेकनट (स्क्रू जागेवर धरणारा नट) आवळताना स्क्रूही थोडा फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजायचं. इथे आळस झाला की आठवड्याभरात टिकटिक परत.

गॅप बरोबर बसवूनही तोच रॉकर वाजत असेल तर त्याचं टोक उजेडात धरून बघा. वाल्वच्या काडीने तिथे खळगा पाडलेला असतो. गेजचं सपाट पातं त्या खळग्यावर पुलासारखं बसतं, त्यामुळे मोजलेला गॅप खऱ्यापेक्षा कमी येतो. अशा वेळी तो झिजलेला भाग बदलायचा. आवाज जावा म्हणून स्क्रू आणखी आवळला तर इंजिन शांत होतं खरं, पण गरम झाल्यावर वाल्व पूर्ण बसत नाही, एक्झॉस्ट वाल्व जळतो आणि कॉम्प्रेशन जातं.

ठकठक खालून येत असेल तर काम गंभीर आहे. स्लोवर एकेका सिलिंडरचा स्पार्क तोडा: कार्बुरेटरच्या गाडीत प्लगची वायर इन्सुलेटेड पकडीने काढून जादा प्लगला लावा आणि तो बॉडीला टेकवा, वायर उघडी लोंबू देऊ नका. एमपीएफआयमध्ये (इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनात) इंजेक्टरचा कनेक्टर काढा, नाहीतर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जातं. ज्या सिलिंडरला ठोका दबतो, त्याच्या कनेक्टिंग रॉडच्या बेरिंगवर संशय धरा, कारण स्फोटाचा दाब गेला की बेरिंगवरचा मार जातो. टॅपेटच्या आवाजात या चाचणीने फरक पडत नाही. पिस्टन बोअरमध्ये आपटत असेल तरी ठोका दबतो, पण तो थंडीत जास्त असतो, आणि प्लगच्या भोकातून दोन चमचे ऑइल टाकून सुरू केल्यावर थोडा वेळ गप्प बसतो. बेरिंगचा ठोका याने बदलत नाही. ऑइल तापून पातळ झालं की उलट वाढतो.

बेरिंगच ठरलं तर गाडी टो करूनच न्या. लवकर पकडलं तर चेंबर उतरवून शेल (बेरिंगच्या दोन अर्धगोल पाळ्या) बदलण्यावर भागतं. क्रँकवर ओरखडे आले की ग्राइंडिंग आणि 0.25 मि.मी. अंडरसाइज शेल आले, म्हणजे इंजिन उतरवणं आलंच.

या स्टेथोस्कोपला एक मर्यादा आहे. चढावर वरच्या गिअरमध्ये येणारी खणखण उभ्या गाडीत ऐकूच येत नाही. ती बहुधा पुढे गेलेल्या टायमिंगची किंवा साचलेल्या कार्बनची असते. चालत्या गाडीत ऐकण्यासाठी चिमट्याचे सेन्सर असलेले इलेक्ट्रॉनिक संच मिळतात. व्हील बेरिंग आणि सस्पेन्शनचं काम रोज करणाऱ्या गॅरेजला ते परवडतात, घरच्या एका गाडीसाठी घेऊ नयेत.

डिझेलवाल्यांसाठी महत्त्वाचं: जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात इंजेक्टरच्या पाइपाचा नट ढिला करून एकेक सिलिंडर तोडतात. कॉमन रेल इंजिनात (जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच जादा दाबाच्या पाइपातून डिझेल मिळतं) हे कधीही करू नका. तिथे हजार बारच्या पुढचा दाब असू शकतो, आणि त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. त्या गाडीचा इंजेक्टर स्कॅनरवरूनच बंद करायचा.