घाटाचा चढ: तिसरा गियर की दुसरा?

खंबाटकीच्या चढावर पुढे भरलेला ट्रक आला आणि वेग तिशीवर उतरला, की प्रश्न उभा राहतो. तिसऱ्यातच राहिलात तर छोट्या पेट्रोल गाडीचं इंजिन साधारण १५०० आरपीएमवर (मिनिटाला १५०० फेरे) फिरतं. दुसरा टाकलात तर सव्वादोन हजारांच्या आसपास.

तिसऱ्यात आवाज कमी, म्हणून पेट्रोल वाचतंय असं अनेकांना वाटतं. सपाट रस्त्यावर ते खरंही आहे. चढावर मात्र अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकतो, गाडी पुढे सरकत नाही, गियरचा दांडा थरथरतो आणि बॉनेटखालून टकटक ऐकू येते. ती टकटक म्हणजे सिलिंडरमधलं इंधन अवेळी पेटतंय. टर्बो (जादा हवा आत कोंबणारा पंखा) असलेल्या पेट्रोल इंजिनाला तर हा छळ फारच महागात पडू शकतो. दुसऱ्यात आवाज चढतो, पण पाय अर्धाच दाबावा लागतो, ओढ लगेच मिळते. आरपीएमच्या काट्यावरची धोक्याची लाल पट्टी सहा हजारांच्या पुढे असताना अडीच हजारांना काय घाबरायचं?

डिझेलचं गणित थोडं वेगळं. मारुतीच्या जुन्या १.३ लिटर डिझेल स्विफ्टचा १९० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढीची ताकद, २००० आरपीएमलाच मिळायचा, पेट्रोल स्विफ्टचा ११५ मात्र ४००० ला. तरीही टर्बो जागा होण्याआधी, दीड हजारांखाली, डिझेलही मलूलच.

उतारावर तर माझं मत ठाम आहे: दुसराच. इंजिन गाडी रोखून धरतं, ब्रेक तापत नाहीत, आणि पाय उचललेला असताना आधुनिक इंजिन इंधनही बंद करतं.